पिस्तुलाची हौस असेल, तर आधी एअर पिस्तूल

मूर्तिजापुरात पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांना एक प्रश्न हमखास पडतो: सैन्यातल्यासारखं पिस्तूल आपल्याला मिळतं का?

जवानांकडचं 9 मिमी पिस्तूल सर्वसामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. मिळतं ते .32 चं, आणि नेमबाजांसाठी .22 चं. सैन्याच्या पिस्तुलाची अशी खेळातली आवृत्ती काढायची रीत जुनी आहे. अमेरिकी सैन्याच्या .45 कोल्टवरून 1931 मध्ये .22 चं 'कोल्ट एस' निघालं. घडण तशीच, काडतूस स्वस्त. पण पोरांनो, .22 ची गोळीही जीव घेते.

घरात परवान्याचं पिस्तूल असेल त्यांनी हे नीट ऐका. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं धरून चालू नका. एक काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असू शकतं. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून धरा आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा. पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. लग्नाच्या वरातीत तर ते नकोच. हौसेखातर बेपर्वाईने हवेत गोळी झाडली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होतो, किंवा दोन्ही.

देशी कट्ट्याच्या वाटेला तर जाऊच नका. विनापरवाना हत्यार सापडलं, तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आहे. ज्या भरतीसाठी पहाटे उठता, ती तिथंच संपली. मित्राने 'दोन दिवस ठेव' म्हटलं, तरी ठेवू नका.

खरी आवड असेल तर 10 मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करा. 20 ज्यूलपर्यंतच्या .177 एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. एका हाताने धरायचं आणि 10 मीटरवरून मधलं वर्तुळ गाठायचं. ते फक्त 11.5 मिमीचं, शर्टाच्या बटणाएवढं! श्वास, मनगट आणि ट्रिगरवरचं बोट एकत्र जुळायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत मिरवायची हौस आपोआप उतरते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात .22 चंच पिस्तूल चालतं.

आईबापांनो, पोराला रागावून गप्प करू नका. महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी जोडलेला जवळचा क्लब शोधा, पहिल्या दिवशी सोबत जा, आणि नवख्याच्या हातात पिस्तूल देण्याआधी प्रशिक्षक काय काय शिकवतो, ते तिथं बसून पाहा.