निवांत आणि ओस

सायकलस्वारांनी सायकलस्वारांसाठी लिहिलेल्या मार्गटिपणांचा एक छोटा लेखनप्रकार गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत रुजला आहे. पहाटे शहरातून निघावे, हमरस्ता सोडून एखाद्या जिल्हामार्गाला लागावे, झाडीतून, घाटातून, तळ्याकाठाने साठ-सत्तर किलोमीटर फिरून यावे आणि मागून येणाऱ्यांसाठी त्या वाटेचे वर्णन लिहून ठेवावे, असे त्याचे स्वरूप. चढ किती, डांबर कसे, पाणी कोठे, चहा कोठे ही माहिती त्यात असतेच. पण तिच्या जोडीला विशेषणांचा एक ठरलेला संचही असतो. शांत, निवांत, अस्पर्श आणि, अगदी वरच्या श्रेणीची प्रशस्ती म्हणून, निर्मनुष्य. अशी टिपणे मीही लिहिली आहेत आणि ही चारही विशेषणे मीही वापरली आहेत. तेव्हा पुढची तक्रार आधी माझ्याविरुद्धच आहे, हे सांगून टाकलेले बरे.

‘निर्मनुष्य’ हा शब्द मराठी वाचकाने पूर्वी कोठे ऐकला होता, ते आठवून पाहावे. आख्यानांत, कहाण्यांत, ऐतिहासिक कादंबऱ्यांत निर्मनुष्य अरण्य येते ते भयाची सूचना म्हणून. नलाने दमयंतीला टाकले ते अशाच रानात. तेथे वाट चुकते, सोबत तुटते, हाक मारली तर ओ येत नाही. भयाचा हा शब्द प्रशंसेचा कधी झाला, याचा शोध एखाद्या एम. फिल. च्या विद्यार्थ्याने घ्यायला हरकत नव्हती. आता ती पदवीच गेली. माझा तर्क इतकाच की, संध्याकाळच्या आत घरी परतण्याची ज्याला खात्री असते, त्याच्याच तोंडी तो गोड होतो.

ज्या रस्त्याने मला हा विचार करायला लावले तो सातारा ते बामणोली. अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर. यवतेश्वराचा घाट चढला की रस्ता एका लांबच लांब डोंगरधारेवर येतो आणि मग बराच वेळ तिची पाठ सोडत नाही. डावीकडे खाली उरमोडीचे खोरे आणि त्यापलीकडे सज्जनगड, उजवीकडे वेण्णेचे खोरे. पेट्री मागे पडते, झाडी दाट होऊ लागते. कासच्या अलीकडे-पलीकडे जांभूळ, हिरडा आणि अंजनी यांची गच्च, बुटकी, वाऱ्याने एका बाजूला झुकवलेली राई आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजनी फुलते, तेव्हा फांदीला फूल येत नसून निळाजांभळा धूर चिकटला आहे असे वाटते. बहुतेक लोकांना कास ठाऊक आहे ते भाद्रपदातल्या तेरड्याचे आणि सोनकीचे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाल्यापासून तर फारच. मला मात्र ही अंजनीची चैत्रातली वाट अधिक प्रिय आहे. पठारानंतर उतार सुरू होतो. सायकलचे ब्रेक धरून हात अवघडतात, कानांत वारा भरतो, आणि एका वळणावर कोयनेचे पाणी दिसते. बामणोलीला रस्ता त्या पाण्याशी येऊन थांबतो. पलीकडे जायचे तर लाँच.

या रस्त्याबद्दल मी एकदा वर्गात बोललो. निसर्गकविता शिकवत होतो. बालकवींच्या अनुषंगाने ‘मनुष्यविरहित निसर्ग’ अशी काहीतरी संकल्पना मांडताना सहज उदाहरण दिले, की पस्तीस किलोमीटरांत मला दोन दुचाक्या आणि एक जीप भेटली. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी त्याच खोऱ्यातली, साताऱ्यात वसतिगृहावर राहणारी. तास संपल्यावर ती म्हणाली, “सर, शनिवारी दुपारची एसटी चुकली की आम्हाला फाट्यापासून त्याच रस्त्यानं चालत जावं लागतं. अंधार पडला की गवे उतरतात. कुणी भेटलं तर बरं वाटतं.” तिच्या बोलण्यात टीका नव्हती. माझ्या माहितीत ती भर घालत होती.

त्या दिवसापासून ‘निवांत’ लिहिताना माझा हात अडखळतो. मराठीत माणसांच्या अभावासाठी शब्दांची वाण नाही. ओस, उजाड, भकास, सुनसान, ओसाड. यांतला ‘ओस’ मला सर्वांत नेमका वाटतो, कारण त्याच्याबरोबर ‘पडणे’ हे क्रियापद येते. गाव ओस असत नाही, ओस पडते. म्हणजे पूर्वी तेथे काही होते आणि नंतर काही घडले, हा काळ त्या शब्दातच भरलेला आहे. ‘निवांत’ला असा भूतकाळ नाही. रस्ता निवांत असतो. तो तसा का झाला, हा प्रश्न त्या शब्दाला पडत नाही.

बामणोलीच्या रस्त्याबाबत या प्रश्नाला बरीच ठोस उत्तरे आहेत. पहिले म्हणजे तो पाण्याशी संपतो, म्हणून त्यावर पुढे कोठे जाणारी वाहतूक नाही. हे पाणी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात कोयना धरणामागे साठले. सायकलवरून दिसणारा ‘निळाशार जलाशय’ खोऱ्यातल्या शेतजमिनींवर आणि गावठाणांवर उभा आहे. तेथली माणसे रायगड, ठाणे, सोलापूर अशा जिल्ह्यांत पांगली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे लढे पुढच्या पिढ्यांना चालवावे लागले. डोंगरधारेवरून दिसणारे उरमोडीचे आणि कण्हेरचे पाणीही धरणांचेच. माझ्या एका जुन्या टिपणात ‘तीन तलावांची सोबत’ असे वाक्य आहे. आज ते वाचवत नाही.

दुसरे कारण मुंबई. जावळी-पाटणच्या खोऱ्यांतल्या तरण्या पुरुषांनी मुंबईच्या बाजारांत आणि गोदामांत पाठीवर ओझी वाहिली. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे ज्यांचे श्रम आहेत त्यांत या डोंगरांतली माणसे मोठ्या संख्येने होती. वाटेवरच्या कुलूपबंद घरांना आम्ही ‘जुन्या वळणाची टुमदार कौलारू घरे’ म्हणतो, त्यांची किल्ली बहुधा मुंबईत किंवा नवी मुंबईत असते. गणपतीत, शिमग्याला, गावच्या जत्रेला ती उघडतात. त्या दिवसांत रस्त्यावर गाड्या असतात, म्हणून टिपणात सल्ला असतो: सणासुदीला ही वाट टाळावी.

तिसरे कारण जंगल. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. बामणोलीहून लाँचने वासोट्याला जाणारे ज्या ठिकाणी उतरतात ते मेट इंदवली. ते एकेकाळी गाव होते. जंगल राखायला हवे, यात मला शंका नाही. गव्यालाही शांतता लागतेच. पण तेथल्या निःशब्दतेला ‘आदिम’ म्हणताना निदान आपल्याला हे ठाऊक असावे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यातले काही नवे नाही, आणि म्हणूनच मला अधिक खटकते. शहरात बसून गाव गोड करणाऱ्या जानपद गीतांची झाडाझडती ग्रामीण साहित्याच्या चळवळीने केव्हाच घेतली. रेमंड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये ‘द कंट्री अँड द सिटी’त इंग्रजी कवितेतल्या खेड्याबाबत हेच दाखवले, की निसर्गदृश्य दिसायचे तर त्यातले कष्ट आधी नजरेआड करावे लागतात. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ सालची. धरणग्रस्तांचे जगणे मराठी वाचकाला तेव्हापासून अपरिचित नाही. परीक्षेत आपण या साऱ्यावर प्रश्न काढतो. आणि रविवारी सकाळी सायकलवर बसलो की थेट गोपगीताच्या काळात जाऊन पोहोचतो. जी भाषा कवितेत आपण खपवून घेणार नाही, ती मार्गटिपणात बिनदिक्कत चालते. ते ‘साहित्य’ नाही ना, मग त्याला समीक्षा कशाला! माझा आक्षेप या सवलतीला आहे. कवितासंग्रहापेक्षा ही टिपणे अधिक लोक वाचतात, आणि गावाकडे पाहण्याची नजर त्यांतूनही घडते.

कोणी म्हणेल, सायकल चालवणाऱ्याने एवढा भार कशाला वाहायचा? घाटात त्याला स्वतःचा भार पुरेसा आहे. हे मला मान्य आहे. शहरात कान किटलेल्या माणसाला तीन तास शांतता हवी असणे ही काही चैन नव्हे, आणि मीही ती सोडणार नाही. सायकलवाला निदान धूर सोडत नाही, हॉर्न वाजवत नाही. पण कासचेच पाहा. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तेथे गाड्यांच्या रांगा लागतात आणि आम्ही नाक मुरडतो. त्याच सहा-सात आठवड्यांत आसपासच्या गावांतल्या पोरांना प्रवेशनाक्यावर काम मिळते, बायकांच्या हातची भाकरी-पिठले विकले जाते. आमच्या टिपणातला ‘टाळावा असा काळ’ हा त्यांचा कमाईचा काळ. गर्दीने पठार तुडवले जाते हेही खरेच. या दोन गोष्टी एका वाक्यात मांडता येतील अशी मार्गटिपणाची भाषा अजून आपल्याकडे नाही.

यंदा तृतीय वर्षाच्या वर्गाला मी स्वाध्याय म्हणून आपापल्या गावच्या रस्त्याचे मार्गटिपण लिहायला सांगितले. बामणोलीकडच्या त्या मुलीनेही लिहिले. त्यात चढ-उतारांचा उल्लेख जवळजवळ नाही. मोबाइलला रेंज कोणत्या वळणावर येते, एसटी कोठे हात केला तरी थांबते आणि कोठे थांबत नाही, पावसात दरड कोठे येते, कोणत्या घरी पाणी मागावे, कोणत्या घराला आता कुलूप आहे आणि तेथले लोक कोठे असतात, हे सारे क्रमाने आहे. साताऱ्यापासून बामणोलीपर्यंत तिने सतरा ठिकाणांची नावे लिहिली आहेत. माझ्या टिपणात तीन होती: यवतेश्वर, कास आणि चहाची टपरी.