आधी ठिणगी बघा!

स्कूटर तिरकी करून मग किक मारणारा माणूस ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यांचा जन्म बहुधा २००० नंतरचा असावा. बाकीच्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. आम्हा सातारकरांना तर या स्कूटरांचं जरा जास्तच प्रेम, कारण ‘प्रिया’ आमच्या गावची! १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि सरकारी पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ ही कंपनी काढली आणि सातारच्या एमआयडीसीत प्रिया बनायला लागली. आता तिथे स्कूटर बनत नाही. पण घराघरांत शेडमध्ये, जिन्याखाली, पोत्याखाली झाकलेली एखादी प्रिया किंवा चेतक अजून सापडते.

हल्ली आपल्या आयटीवाल्या मंडळींना या गाड्यांची हौस आली आहे. वडिलांची स्कूटर बाहेर काढायची, रंग द्यायचा, सीट शिवून घ्यायची, रविवारी चक्कर मारायची. छान आहे! माझी तक्रार हौसेबद्दल नाही, त्यानंतर जे होतं त्याबद्दल आहे. गाडी रस्त्यात बंद पडते. मग प्लग बदला, कॉईल बदला, कार्बोरेटर नवीन टाका... आणि एवढं करूनही पडतेच म्हटल्यावर वैतागून भंगारात. माझं म्हणणं एवढंच, की अंदाजाने पार्ट बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो मटका आहे. कधीतरी लागतो, म्हणून लोक खेळत राहतात.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. इंजिनला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचं मिश्रण, ते दाबणारा पिस्टन, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. जुन्या स्कूटरमध्ये ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकात लोहचुंबक बसवलेले असतात (मेकॅनिक त्या अख्ख्या प्रकाराला नुसतं ‘मॅग्नेट’ म्हणतात). ते फिरले की आतल्या वेटोळ्यात वीज तयार होते. पॉइंट नावाचा एक चिमुकला खटका ही वीज ऐनवेळी तोडतो, आणि त्या झटक्याने कॉईलमधून हजारो व्होल्ट प्लगकडे धावतात. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट असते साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर, म्हणजे एखाद्या व्हिजिटिंग कार्डाएवढी! पॉइंटच्या जोडीला असतो कंडेन्सर. खटका उघडताना तिथेच ठिणगी उडून वीज वाया जाऊ नये आणि पॉइंट जळू नयेत, हे त्याचं काम.

जुन्या गाड्यांमध्येही थोड्याफार फरकाने हेच. चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरी, कॉईल आणि पॉइंटची पद्धत आणली. पुढे एमजी, ट्रायम्फसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार आणि आपली प्रीमियर पद्मिनी त्याच तत्त्वावर धावल्या. त्यामुळे मी स्कूटरबद्दल जे म्हणतोय ते लाखो रुपयांच्या विंटेज गाडीलाही लागू आहे. तिथे चूक फक्त महाग पडते.

आता खरी गंमत. मध्यंतरी नात्यातल्या एका काकांची गिअरची स्कूटर छळत होती. सकाळी एका किकमध्ये सुरू. यवतेश्वरचा चढ निम्मा झाला की बंद. वीसेक मिनिटं सावलीत उभी केली, की जणू काही झालंच नाही! गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. दर वेळी गॅरेजच्या दारात गाडी मस्त सुरू, आणि दर वेळी चढावर तेच रडगाणं. काका भंगारवाल्याशी बोलणी करायच्या बेतात होते.

या एकाच लक्षणामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक: पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं. टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरायचं थांबतं, गाडी बंद. थोड्या वेळाने हवा झिरपते, गाडी सुरू. दोन: कंडेन्सर किंवा कॉईल गरम झाली की दगा देते आणि गार झाली की शहाण्यासारखी वागते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणूनच गार गाडी गॅरेजात तपासून काही कळत नाही. आपल्याकडे टेस्टिंगवाल्याने बग दाखवला की डेव्हलपर म्हणतो ना, “माझ्या मशीनवर तर चालतंय”, तसंच हे!

उपाय काय, तर गाडी जिथे बंद पडते तिथेच, बंद पडल्या पडल्या तपासायची. काकांच्या गाडीचं आम्ही तेच केलं. प्लग पाना आणि फडकं घेऊन चढावर गेलो. बंद पडल्यावर आधी टाकीचं झाकण उघडून किक मारली. फरक शून्य. मग प्लग काढला. हे जपून करा, तो चांगलाच तापलेला असतो. प्लग पेट्रोलने ओला, म्हणजे पेट्रोल पोचतंय. प्लग कॅपमध्ये बसवून त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवली आणि किक मारली. (प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते.) ठिणगी निळी आणि कडक हवी, इथे पिवळट आणि मरतुकडी. पाच मिनिटांत अर्ध्या गाडीवरचा संशय मिटला! नंतर फक्त कंडेन्सर बदलला, दुसरं काही नाही. तोच चढ तीनदा चढून बघितला. गाडी चालली.

यात हुशारी काही नाही, शिस्त आहे. पहिली गोष्ट, बिघाड घडत असताना पकडा. दुसरी, एका प्रश्नात निम्म्या शक्यता बाद करा: पेट्रोल की करंट? तिसरी, एका वेळी एकच बदल करा. प्लग, कॉईल आणि कंडेन्सर एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही. आणि चौथी, तपासणीची मर्यादाही ओळखा. उघड्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली उडेलच असं नाही. बाहेर ठिणगी दिसली म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

आता कुणी म्हणेल, “कशाला हे सगळं? नवीन गाडीत पॉइंट नाही, कार्बोरेटर नाही.” बरोबर आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. मला त्याचं अजिबात दुःख नाही. पॉइंट ही काही प्रेम करण्यासारखी वस्तू नव्हे. ते घासतात, जळतात, फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते. नवी पद्धत कमी धूर करते आणि कमी छळते.

पण नवीन गाडीत कॉम्प्युटर जो एरर कोड दाखवतो, त्यालाच लोक निदान समजतात. कोड सांगतो की अमुक सेन्सरकडून येणारा आकडा विचित्र आहे. सेन्सर खराब, वायर तुटलेली, की आकडा खरा आणि इंजिनच बिघडलंय, हे माणसालाच शोधावं लागतं. आणि माणूस काय करतो? सेन्सर बदलतो! ऑफिसात आपण वेगळं काय करतो म्हणा. सर्व्हर अडकला, रिस्टार्ट. पुन्हा अडकला, मेमरी वाढवा. का अडकला, हे विचारायला वेळ कुणाला आहे?

म्हणून माझं मत विचाराल तर जुनी स्कूटर जरूर ठेवा. फोटोसाठी नको, सरावासाठी ठेवा. इथे चुकीच्या अंदाजाची किंमत फार तर एक घामाघूम दुपार असते, आणि बरोबर उत्तर डोळ्यांना दिसतं, निळं किंवा पिवळं. इतकं सरळ उत्तर देणारी यंत्रं आता फारशी उरलेली नाहीत.