दंगलीनंतरचे पोलीस ठाणे

एखाद्या भागात दंगल उसळते, जाळपोळ होते, जादा कुमक येते, संचारबंदी लागते आणि आठ-पंधरा दिवसांनी ‘परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणाखाली’ असल्याचे शासनाकडून जाहीर होते. दुकाने उघडली, एस.टी. सुरू झाली, शाळा भरू लागल्या की या घोषणेला पुरावाही मिळतो. एका परीने ती खरीच असते. परंतु जिला दिवस उजाडण्यापूर्वी दुसऱ्याच्या शिवारात मजुरीला जायचे आहे, जिच्या मुलीला शेजारच्या गावच्या शाळेत चालत जायचे आहे, जिचे घर जाळणारा माणूस जामिनावर सुटून त्याच गल्लीतून हिंडतो आहे, त्या स्त्रीच्या लेखी परिस्थिती नियंत्रणाखाली आली काय, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

संघर्षानंतरच्या प्रदेशात पोलिसांना स्त्रियांच्या सुरक्षिततेचे खास शिक्षण द्यावे, असा विचार आता जगभर मान्य झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत केलेला १३२५ क्रमांकाचा ठराव हा त्याचा पाया होय. हा ठराव म्हणजे आफ्रिकेतील वा बाल्कन प्रदेशातील दूरस्थ युद्धांपुरता मामला आहे, असा समज येथील सुशिक्षितांत आढळतो. मराठवाड्याच्या इतिहासाकडे पाहिले तर तो टिकत नाही.

दोन अनुभव

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाची राजवट संपली. त्यापूर्वी रझाकारांच्या अत्याचारांनी गावेच्या गावे उठून सीमेपलीकडच्या छावण्यांत गेली होती. त्या पळापळीत स्त्रियांनी काय सोसले, हे मराठवाड्यातील जुन्या घरांना सांगावयास नको. मुक्तीनंतर पारडे फिरले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नोंदविले. लूट आणि हत्या यांबरोबरच स्त्रियांवरील बलात्कार व अपहरण यांचाही उल्लेख त्या अहवालात आहे. काही ठिकाणी गणवेशातील माणसांचाही या दुष्कृत्यांत हात होता, असे तो सांगतो. अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या काळात जिची विटंबना झाली ती स्त्री आणि नंतर जिची झाली ती स्त्री, दोघींचे धर्म वेगळे होते. पण फिर्याद घेऊन जावे असे ठिकाण दोघींनाही नव्हते.

दुसरा अनुभव तीस वर्षांनंतरचा. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि त्या वेळच्या पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत त्यांचे स्वरूप विशेष उग्र होते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. पोलीस वेळेवर पोचले नाहीत, कोठे कोठे ते नुसते पाहत राहिले, असे त्या काळच्या सत्यशोधन अहवालांत नमूद आहे. घरे जळाली ती काही दिवसांत. पण त्यामागून आलेला बहिष्कार लांबला. मजुरी बंद झाली, पाणवठा बंद झाला, किराणा बंद झाला. पाणी, सरपण आणि मजुरी या तिन्ही गोष्टी घरातील स्त्रीच्या वाट्याच्या असल्याने बहिष्काराचा खरा भार तिच्यावर पडला. शहराकडे निघून गेलेल्या कुटुंबांच्या मागेही हेच कारण होते. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. म्हणजे ‘संघर्षानंतरचा काळ’ या प्रदेशात दीड दशकाहून अधिक चालला.

कायदा पुढे गेला, ठाणे कोठे आहे?

योगायोग असा की, मराठवाडा धुमसत असतानाच, १५ सप्टेंबर १९७८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मथुरा खटल्याचा निकाल दिला. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचे हे प्रकरण. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावरून संमतीचे अनुमान काढून दोघा पोलिसांची मुक्तता करण्यात आली. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

तेव्हापासून कायद्याने पुष्कळ मजल मारली आहे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांचा १९८९ चा कायदा आला. त्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करू नये, असा नियम झाला. २०१३ च्या दुरुस्तीने लैंगिक गुन्ह्याची खबर स्त्री-अधिकाऱ्याने नोंदवावी, असे ठरले आणि अशी खबर नोंदविण्यास नकार देणारा लोकसेवकच शिक्षेस पात्र झाला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितांनी या तरतुदी कायम ठेवल्या आहेत. स्त्री-साक्षीदारास ठाण्यात न बोलाविता तिच्या राहत्या जागी जबाब घ्यावा, ही तरतूद तर फार जुनी आहे.

तथापि, कायदा पुस्तकात असतो आणि स्त्रीची गाठ ठाणे अंमलदाराशी पडते. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा अत्याचार प्रतिबंधाचा कायदा होऊन सतरा वर्षे लोटली होती. तरीही पोलिसांच्या दिरंगाईवर आणि तपासातील हलगर्जीपणावर देशभर टीका झाली. कलम ठाऊक असणे आणि समोरच्या बाईचे म्हणणे गुन्हा म्हणून ऐकू येणे, या दोहोंमधील अंतर भरून काढणे हेच प्रशिक्षणाचे काम होय.

अर्धापूरसारख्या तालुक्यात

हे अंतर कसे असते, ते एखादा तालुका डोळ्यांसमोर आणल्याखेरीज कळत नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरील अर्धापूर हे केळीसाठी नावाजलेले तालुक्याचे गाव. केळी आणि हळद यांच्या मशागतीत स्त्री-मजुरांचे श्रम मोठे. अनेक जाती-धर्मांची वस्ती येथे एकमेकांना लागून आहे आणि व्यवहारही एकमेकांत गुंतलेले आहेत. अशा कोणत्याही तालुक्यात तणाव उद्भवला की शांतता समितीची बैठक भरते. या समितीत प्रायः व्यापारी, पुढारी, दोन्ही बाजूंचे वजनदार गृहस्थ असतात. मजुरी करणारी स्त्री तेथे अभावानेच असते. बैठकीत मिरवणुकीचा मार्ग ठरतो, ध्वनिक्षेपकाची वेळ ठरते. शेतातून परतणाऱ्या बायकांच्या वाटेवर संध्याकाळी गस्त असावी काय, हा विषय निघत नाही, कारण तो मांडणारे तेथे कोणी नसते.

त्यातूनही एखादी स्त्री तालुक्याच्या ठाण्यापर्यंत आलीच, तर तिचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. जिच्याविरुद्ध तक्रार, तोच बागायतदार तिला काम देणारा. त्याची ऊठबस ठाण्यात. गावचा पोलीस पाटीलही त्याच्याच भावकीतला असण्याचा संभव. अंमलदार तिला ‘घरच्या माणसाला घेऊन ये’ म्हणतो, किंवा अदखलपात्र नोंद करून वाटेला लावतो, किंवा ‘गावातच मिटवा’ असा सल्ला देतो. यात दरवेळी दुष्टपणाच असतो असे नाही. गावात शांतता राखणे हे आपले काम, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते आणि गुन्हा नोंदविल्याने शांतता भंग होईल, असे त्यास वाटते. शांतता आणि सुरक्षितता यांची ही गल्लत आहे. तडजोडीने गाव शांत होते. मात्र तिची किंमत ती स्त्री एकटी मोजते, आणि पुढच्या खेपेस दुसरी स्त्री ठाण्याची पायरी चढत नाही.

प्रशिक्षण कशाचे?

महाराष्ट्रात पोलीस शिपायांचे मूलभूत प्रशिक्षण सुमारे नऊ महिन्यांचे असते. लातूरजवळ बाभळगाव येथे पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. अधिकाऱ्यांसाठी नाशिकची प्रबोधिनी आहे. कवायत, शस्त्र, कायद्याची कलमे यांना तेथे योग्य ते स्थान आहे. परंतु ‘स्त्रियांविषयी संवेदनशीलता’ हा एखाद्या दिवसाच्या व्याख्यानाचा विषय मानला जातो, तोवर त्याचे फळ प्रमाणपत्रापलीकडे जाणार नाही. संवेदनशीलता शिकविता येते किंवा नाही, याचा वाद बाजूला ठेवावा. काम मात्र निश्चित शिकविता येते. भेदरलेल्या स्त्रीचा जबाब एकाच वेळी, एकांतात, तिच्या शब्दांत कसा लिहावा. वैद्यकीय तपासणीस उशीर झाला तर कोणता पुरावा नष्ट होतो. बहिष्कार हा गुन्हा म्हणून कसा सिद्ध करावा. आरोपी जामिनावर सुटल्याची वार्ता फिर्यादीस आधी कोणी द्यावी. गस्तीच्या वेळा पाणवठा, शाळा आणि शिवार यांच्या वेळांशी कशा जुळवाव्यात, ही सारी कौशल्ये आहेत. ती सरावाने येतात आणि त्यांची परीक्षाही घेता येते.

हे शिक्षण निरीक्षकापाशी थांबवून चालणार नाही. ठाणे अंमलदार, बीट अंमलदार आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील हे तिघे जोवर त्यातून जात नाहीत, तोवर स्त्रीला पोलीस दल म्हणून जे दिसते ते बदलणार नाही.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. सिएरा लिओनमध्ये यादवी संपत असताना, २००१ मध्ये, पोलीस आणि समाजसेवक एकत्र बसतील असे कुटुंब साहाय्य विभाग ठाण्यांतच उघडण्यात आले. लायबेरियात २००७ पासून २०१६ पर्यंत भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांचे पथक संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत होते; त्या काळात तेथील पोलीस दलातील स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय वाढले. परदेशातील युद्धग्रस्त स्त्रियांना धीर देणारे पथक उभे करू शकणाऱ्या देशाला आपल्या तालुक्याच्या ठाण्यात तेच करणे अशक्य नाही. महाराष्ट्राला तर यासाठी आफ्रिकेतही जावयास नको. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांशेजारी बसून काम करू लागल्या. पुढे राज्य शासनाने हा प्रयोग स्वीकारून जिल्ह्यांत नेला. तो तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचविणे हे आता उरलेले काम आहे.

हिशेब बदलावा लागेल

परंतु केवळ शिक्षणाने माणसाचे वर्तन बदलते, असे अर्थशास्त्र मानत नाही. ज्या कामाचे मोल होते ते काम होते. आपल्याकडे ठाण्याच्या हद्दीत गुन्ह्यांची संख्या कमी राहिली की अधिकारी कार्यक्षम ठरतो, वाढली की विधानसभेत प्रश्न निघतो आणि वृत्तपत्रेही ‘गुन्हेगारीत वाढ’ असा मथळा देतात. अशा हिशेबात प्रत्येक नवी फिर्याद ही अधिकाऱ्याच्या खात्यावरील तोटा असते. उत्तम प्रशिक्षण घेऊन आलेला अंमलदारही मग नोंद टाळण्याचीच कला शिकतो. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभाग स्वतःच बजावतो की, गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दंगलग्रस्त भागात स्त्रियांच्या तक्रारी वाढल्या तर तो बहुधा विश्वास परतल्याचा पुरावा असतो. म्हणून अशा तालुक्यांत ठाण्याचे मूल्यमापन वेगळ्या कसोट्यांनी व्हावे: आलेल्या तक्रारींपैकी किती नोंदल्या गेल्या, किती दिवसांत दोषारोपपत्र गेले, किती फिर्यादी अखेरपर्यंत टिकून राहिल्या, किती कुटुंबे गावात परतली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला मनुष्यबळाचा. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या बंदोबस्तात शिणलेल्या दलावर आणखी बोजा नको, हे म्हणणे रास्त आहे. पोलीस भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव असल्या तरी ठाण्यात आलेल्या स्त्री-शिपायास पुष्कळदा टपाल आणि बंदोबस्त यांवरच नेमले जाते. असलेल्या बळाचा योग्य वापर ही पहिली पायरी होईल. दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. तक्रार खोटी की खरी हे तपासाने ठरते, आणि तपास नोंदीनंतर सुरू होतो. खोटेपणाच्या शंकेने दार लावून घेणारे ठाणे खऱ्या तक्रारीलाही बाहेरच ठेवते.

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्रिपुरातील घटनांचे पडसाद नांदेड, मालेगाव आणि अमरावती येथे उमटले, तेव्हा दूरच्या ठिणगीने येथे आग लागण्यास किती अल्प वेळ पुरतो, ते दिसले. दंगल रोखण्याची तयारी शासन करते. दंगलीनंतरच्या वर्षांची तयारी करीत नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जेथे जेथे असा इतिहास आहे, तेथील ठाणी निवडून, समाजसेविकेची नेमणूक, अंमलदारापासून पोलीस पाटलापर्यंतचे प्रशिक्षण, शांतता समितीत मजूर स्त्रियांना जागा आणि मूल्यमापनाच्या नव्या कसोट्या, असा एकत्रित कार्यक्रम गृहखात्याने हाती घ्यावा. त्यास लागणारा पैसा एका मोठ्या बंदोबस्ताच्या खर्चापुढे फार नसेल. बायाबापड्यांनी आपणहून ठाण्यात यावे आणि आपले म्हणणे लिहून घेतले जाईल या खात्रीने यावे, एवढे साधले तरच ‘परिस्थिती नियंत्रणाखाली’ या शब्दांवर त्यांनाही विश्वास ठेवता येईल.