तीन ठिकाणं आणि एक कंस

परवा रात्री यवतमाळहून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. "मामा, सम-विषमचा साधा प्रोग्राम चालत नाही." त्यानं अट लिहिली होती: क्ष & १ == ० असेल तर सम. दिसायला एकदम बरोबर. पण कोणतीही संख्या द्या, उत्तर आपलं विषमच! मी म्हटलं, "क्ष & १ ला कंसात टाक." टाकला, चालला. मी फोन ठेवणार तेवढ्यात पोरगं विचारतं, "पण असं काऊन?"

आमच्या वेळी असं विचारायची पद्धतच नव्हती. (आमची वेळ म्हणजे लोडशेडिंग, टर्बो सीचा निळा पडदा आणि एका कॉम्प्युटरपुढे तिघं.) सी भाषा कोणी तयार केली? डेनिस रिची. कुठे? बेल लॅब्ज. कधी? १९७२. एक मार्क, विषय संपला. खरं सांगू का, आम्हाला सी ही नागपूरच्या यशवंत कानेटकरांचीच भाषा वाटायची! त्यांचं 'लेट अस सी' नसतं तर इंग्रजीला बिचकणारी आमच्यासारखी किती पोरं पहिल्याच वर्षी गळाली असती. ते उपकार आहेतच. पण रिची नावाचा कुणी हाडामांसाचा माणूस होता आणि त्यालाही अडचणी आल्या असतील, हे कधी डोक्यातच आलं नाही.

तर भाच्याला सांगितलेली गोष्ट तुम्हालाही सांगतो. सीच्या आधी केन थॉम्पसनची बी भाषा होती. त्यात आणि सुरुवातीच्या सीमध्ये && हे चिन्हच नव्हतं. दोन अटी जोडायच्या तर एकच & वापरायचा. त्यामुळे आधी == तपासायचं, मग & करायचं, हा क्रम तेव्हा अगदी योग्य होता. पुढे && वेगळं काढलं. तेव्हा खरं तर & ला वर चढवायला हवं होतं. पण जुने प्रोग्राम बिघडतील म्हणून ते तसंच ठेवलं. जुने प्रोग्राम म्हणजे किती? १९८२ साली रिचीनं स्वतःच लिहिलं: काही शे किलोबाइट, आणि फार तर तीन ठिकाणी बसवलेले. तेव्हाच बदललं असतं तर बरं झालं असतं, हेही त्यानं मोकळेपणानं कबूल केलं. तीन ठिकाणं! तो क्रम पुढे सी++, जावा, जावास्क्रिप्टमध्ये जसाच्या तसा गेला. गंमत म्हणजे गो भाषा करताना थॉम्पसनच त्या तिघांत होता, आणि तिथं मात्र हा क्रम दुरुस्त झाला.

आमच्या बाबांची शाळेतली जन्मतारीख १ जुलै. मास्तरांनी नाव घालताना अंदाजानं टाकलेली. तेव्हा एका रजिस्टरमध्ये होती, सहज खोडता आली असती. मग त्यावर मॅट्रिकचं सर्टिफिकेट, नोकरी, पेन्शन उभं राहिलं. आता कोण हात लावतो!

रिची १९४१ चा. वडीलही बेल लॅब्जमध्येच. हार्वर्डला शिकला, पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला, पण पदवी काही पदरात पडलीच नाही. (आमच्याकडे असतं तर चार मावश्या घरी येऊन बसल्या असत्या.) १९६७ ला बेल लॅब्जमध्ये गेला तो निवृत्तीपर्यंत तिथंच. थॉम्पसनबरोबर युनिक्स केलं, १९८३ साली दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या घरी तो मृतावस्थेत सापडला. एकटाच राहत असे. आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्ज गेले होते आणि आपली वर्तमानपत्रं त्यांच्या फोटोंनी भरली होती. त्याच जॉब्जच्या मॅकचा आणि आयफोनचा पाया युनिक्सच्या घराण्यातला. रिचीची बातमी मला चार दिवसांनी कळली, तीही एका मित्राच्या मेलवरून.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ते एक मार्काचं उत्तर काढून टाका आणि त्या जागी एक तास ही भांडणं, या चुका, या तडजोडी शिकवा. आम्ही व्हऱ्हाडी पोरं 'सर सांगतात ते बरोबर' या शिस्तीत वाढलो. प्रोग्राम चुकला की आपलंच डोकं कमी, असं धरून चालायचो. माझ्या बॅचचा एक हुशार मुलगा याच समजुतीपायी दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून गावी गेला. आपल्याला अडवणारी चूक भाषा करणाऱ्याचीही असू शकते, आणि तो ती मान्यही करतो, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर? मी तरी कुठं सांगितलं म्हणा. मलाच ठाऊक नव्हतं.

भाच्यानं ही सगळी गोष्ट जर्नलमध्ये लिहिली म्हणे. सरांनी त्यावर लाल पेनानं लिहिलं, 'अनावश्यक'. कंसाला मात्र बरोबरची खूण आहे.