कुलूप चोरासाठी, अडतो मात्र मालक

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत कपाटात ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटला बुरशी धरते. फितीवरील चुंबकीय कण चिकटवून ठेवणारे द्रव्य ओलावा शोषून घेते आणि कण सुटू लागतात. शाळेचे स्नेहसंमेलन असो, घरचे लग्न असो, की १९८४ साली दूरदर्शनवर सुरू झालेले विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम कोणा शिक्षकाने टिपून ठेवलेले असोत, त्या फिती कायमच्या टिकणाऱ्या नाहीत. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते उत्पादन थांबवले. तेव्हा फितीवरील चित्र वेळीच संगणकात उतरवून घेणे, हाच उपाय उरतो.

पण कधी कधी ते उतरवून घेणारे यंत्रच ‘ही फीत संरक्षित आहे’ असे सांगून अडून बसते. फीत तर आपलीच! मग असे का व्हावे?

आपल्याकडील पाल पद्धतीत टीव्हीच्या एका पूर्ण चित्रासाठी ६२५ ओळी असतात. त्यांपैकी सुमारे ५७५ ओळींतच चित्र असते. बाकीच्या ओळी, पडद्याच्या तळाशी पोचलेला किरण पुन्हा माथ्यावर जाईपर्यंतच्या काळात रिकाम्या जातात. १९८५ पासून चित्रपटांच्या काही कॅसेटींत या रिकाम्या ओळींमध्ये मॅक्रोव्हिजन पद्धतीचे जादा स्पंद घालण्यात येऊ लागले. व्हीएचएस यंत्रात, येणाऱ्या संदेशाची तीव्रता आपोआप कमीजास्त करणारे मंडल असते. या स्पंदांमुळे ते फसते. संदेश फार तीव्र आहे असे समजून ते सारेच चित्र दाबून टाकते. त्यामुळे नक्कल कधी काळवंडते, तर कधी उजळते. टीव्हीवर मात्र मूळ चित्र नीट दिसते. पुढे काही सेट-टॉप बॉक्समध्येही हीच युक्ती आली आणि जुन्या व्हीसीआरवर कार्यक्रम टिपणे अवघड झाले.

युक्ती हुशारीची आहे, यात शंका नाही. तथापि पुढची यंत्रे असे स्पंद ओळखून काम थांबवू लागली, आणि घोटाळा तेथेच झाला. जीर्ण फितीवरील संदेश अस्थिर असतो. त्या रिकाम्या ओळींतील खरखर यंत्राला स्पंदांसारखी भासते आणि घरच्या फितीलाही ‘चोरीची’ असा शिक्का बसतो.

निर्मात्याच्या कष्टांचे रक्षण झालेच पाहिजे. पण आपला कायदा या कुलपापेक्षा शहाणा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी उपयोगासाठी आणि संशोधनासाठी उचित वापराला मुभा आहे. २०१२ साली आलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला. कायदा हेतू विचारतो; मंडलाला तो विचारता येत नाही. म्हणून माझ्या मते, ज्या यंत्राला खात्री करता येत नाही, त्याने निकाल देऊ नये. सूचना द्यावी आणि निर्णय वापरणाऱ्यावर सोपवावा.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी शाळेच्या कपाटातील फिती एकदा बाहेर काढून पाहाव्यात. बुरशी धरलेली फीत स्वच्छ केल्यावाचून यंत्रात घालू नये. खोटा अडथळा आलाच, तर टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण मध्ये जोडावे. ते संदेशाची लय नव्याने बांधते आणि बहुधा काम होते. मात्र हे पुढच्या पावसाळ्यापूर्वी करावे, कारण बुरशी कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही.