देखभालीचा रास्त हिशेब

लहान विमानाच्या देखभालीचे बिल रास्त आहे की नाही, या प्रश्नाची चिकित्सा समाजवादी साप्ताहिकाने का करावी, असे काही सहकारी विचारतील. ज्याच्या दारी विमान आहे, त्याच्या बिलाची काळजी आम्ही का वाहावी? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो; पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. आपल्या देशात एका इंजिनाची लहान विमाने मुख्यतः हौसेखातर उडत नाहीत, ती प्रशिक्षणासाठी उडतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. या प्रत्येक तासाच्या दरात इंजिन, तपासणी, सुटे भाग आणि कागदपत्रे यांचा खर्च मुरलेला असतो. ही रक्कम अखेर भरतो तो प्रशिक्षणार्थी, आणि त्याच्यामागे कर्ज काढणारे किंवा जमीन गहाण टाकणारे कुटुंब. तेव्हा हा प्रश्न धनिकांच्या छंदाचा नसून एका व्यवसायाचे दार कोणाला उघडे राहते, हा आहे.

प्रथम खर्चाचे स्वरूप पाहू. काही खर्च विमान उडो न उडो, करावाच लागतो. वार्षिक तपासणी, उड्डाणयोग्यतेचा आढावा, विमा व हँगरचे भाडे हे त्यातले. काही खर्च उड्डाणाच्या तासांबरोबर वाढतो, उदाहरणार्थ ५० व १०० तासांच्या तपासण्या. तिसरा खर्च साचत जाणारा असतो. प्रशिक्षणात सर्वत्र दिसणाऱ्या सेस्ना १७२ या विमानाच्या आजच्या इंजिनासाठी निर्मात्याने सुमारे २,००० तासांनंतर संपूर्ण ओव्हरहॉल सुचवलेले असते. तो खर्च एकदम अंगावर येतो, पण झीज मात्र प्रत्येक तासाला होत असते.

पद्धत समजावी म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. समजा, एका विमानाचा वर्षाचा स्थिर खर्च ६ लाख रुपये आहे. ते वर्षाला ६० तास उडाले तर ताशी १०,००० रुपये पडतात. ६०० तास उडाले तर केवळ १,०००. ओव्हरहॉलला ३० लाख लागतात असे मानले तर २,००० तासांच्या हिशेबाने ताशी १,५०० होतात. १०० तासांच्या तपासणीला एक लाख धरले तर ताशी आणखी १,०००. भरपूर उडणाऱ्या विमानावर देखभालीचा व स्थिर खर्चाचा भार असा ताशी ३,५०० होतो आणि २०० तासांच्या विद्यार्थ्यावर सात लाख. प्रत्यक्ष आकडे वेगळे असतील, परंतु हिशेबाची ही रीत बदलत नाही. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केवळ बिलाची रक्कम पाहून ते रास्त की अरास्त हे ठरवता येत नाही. आणि ज्या संस्थेची विमाने सुट्या भागांची वाट पाहत महिनोन्महिने हँगरमध्ये उभी असतात, तिचा स्थिर खर्च उडणाऱ्या थोड्या तासांवर लादला जातो. म्हणजे व्यवस्थापनाच्या गलथानपणाची किंमत विद्यार्थी मोजतो.

आता कागदपत्रांविषयी. ‘परमिटराज’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडे सर्व नियम निरर्थक ठरवण्याची प्रथा पडली आहे. विमानाच्या बाबतीत ही ओरड मान्य करता येत नाही. बोल्टकडे पाहून तो अस्सल की नकली हे सांगता येत नाही. ते त्याच्या कागदावरून कळते. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचे कॉनव्हेअर विमान डेन्मार्कजवळच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ५५ माणसे मरण पावली. विमानाच्या शेपटीच्या जोडणीत नकली बोल्ट वापरल्याचे तपासात निष्पन्न झाले. २०२३ मध्ये लंडनच्या एका पुरवठादाराने जेट इंजिनांचे भाग खोट्या प्रमाणपत्रांसह विकल्याचे उघड झाले आणि अनेक देशांतील विमान कंपन्यांना आपली इंजिने धुंडाळावी लागली. सुट्या भागाच्या किमतीत धातूबरोबर त्याच्या वंशावळीचीही किंमत असते. लॉगबुकात सही करणारा इंजिनियर शाई खर्च करीत नाही. तो आपला परवाना आणि आपली जबाबदारी पणाला लावतो. त्याच्या या श्रमाला दाम मिळालाच पाहिजे. श्रमिकांच्या पक्षाने कुशल श्रमाला ‘कारकुनी’ म्हणून हिणवणे शोभणारे नाही.

तथापि प्रत्येक तपासणी सुरक्षितता वाढवतेच, हेही खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनारा-रक्षक हवाई दलात काम करताना सी. एच. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या गटाला असे आढळले, की ठरावीक तासांच्या तपासणीनंतर लगेचच विमानांतील बिघाड वाढतात आणि पुढे कमी होत जातात. धडधाकट यंत्र उघडल्यानेच काही दोष उत्पन्न होत होते. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतील नोलन व हीप यांनी मोठ्या विमान कंपनीच्या अनुभवावरून दाखवून दिले, की अनेक भागांचे बिघडणे त्यांच्या वयावर अवलंबून नसते. म्हणून वेळापत्रकापेक्षा अवस्थेवर लक्ष ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. युरोपनेही हा धडा उशिरा घेतला. मोठ्या विमान कंपन्यांच्या धर्तीवरील नियम तेथे लहान विमानांनाही लावले गेले, खर्च वाढला, तक्रारी झाल्या आणि अखेर २४ मार्च २०२० पासून लहान विमानांसाठी वेगळे, हलके नियम लागू झाले. स्वतःसाठी विमान उडवणाऱ्या मालकाला तेथे स्वतःच्या जबाबदारीवर देखभालीचा कार्यक्रम आखता येतो. अमेरिकेत प्रत्येक लहान विमानाची वर्षातून एकदा तपासणी होतेच. पण पैसे घेऊन प्रशिक्षण देणाऱ्याच्या विमानाची दर १०० तासांनी आणखी तपासणी सक्तीची आहे. यातील तत्त्व आम्हाला ग्राह्य वाटते. स्वतःचा जीव स्वतःच्या निर्णयाने धोक्यात घालणाऱ्याला थोडी सवलत असावी. दुसऱ्याच्या मुलाला विमानात बसवणाऱ्याला ती नसावी.

मग रास्त बिल ओळखावे कसे? येथे अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न उपस्थित होतो. केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेविषयी आणि जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिताना दाखवले, की विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर केवळ स्पर्धेने भाव रास्त होत नाही. विमानाच्या बाबतीत दोष शोधणारा आणि तो दुरुस्त करून पैसे घेणारा बहुधा एकच असतो. रोग्याप्रमाणेच ग्राहकाला येथे घासाघीस करता येत नाही. जीवाचा प्रश्न आहे म्हटले की तो गप्प बसतो. या भीतीचा व्यापार होऊ शकतो. उलट बाजूने, जो सर्वांत स्वस्त बिल देतो त्याने काय गाळले, हेही ग्राहकाला दिसत नाही. अशा बाजारात प्रामाणिक कारागीरच मागे पडतो. म्हणून आमच्या मते रास्तपणाची कसोटी बिलाच्या आकारात नाही. कामाचे तास किती, भाग कोणता व तो बदलण्याचे कारण काय, काम नियमाने सक्तीचे होते की निर्मात्याने केवळ सुचवलेले, आणि काढलेला जुना भाग कुठे आहे, या चार प्रश्नांना लेखी उत्तर मिळत असेल तर मोठे बिलही रास्त असू शकते. मिळत नसेल तर लहान बिलही संशयास्पद होय.

याहून मोठी विषमता हँगरच्या बाहेर आहे. मान्यताप्राप्त भागच वापरला पाहिजे हा नियम योग्य आहे. पण तोच नियम निर्मात्याच्या हाती मक्तेदारी देतो. अमेरिकेत दुसऱ्या उत्पादकालाही तपासणीअंती तसाच भाग बनवण्याची मान्यता मिळू शकते आणि त्यामुळे भावाला काही लगाम बसतो. आपण मात्र विमानही आयात करतो, भागही आयात करतो आणि रुपया घसरला की शिकाऊ वैमानिकाची फी वाढते. हे असेच असायला हवे होते काय? कोल्हापूर परिसरातून गेलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान तयार केले. त्याचे पहिले उड्डाण १९५१ मध्ये झाले. १९५८ मध्ये खास फ्लाइंग क्लबांसाठी ‘पुष्पक’ उडाले आणि अशी दीडशेच्या आसपास विमाने सार्वजनिक क्षेत्राने बांधली. त्यांचे इंजिन परदेशी होते, हे मान्य. पण सांगाडा, भाग आणि ज्ञान येथले होते. तो धागा आपण पुढे नेला नाही. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे ‘हंसा’ १९९३ मध्ये प्रथम उडाले आणि त्याची नवी आवृत्ती २०२१ मध्ये. या मधल्या २८ वर्षांत देशातील प्रशिक्षणाच्या धावपट्ट्या परदेशी विमानांनी भरून गेल्या.

शासनाने या क्षेत्रासाठी काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० च्या नव्या धोरणाने प्रशिक्षण संस्थांकडून विमानतळ प्राधिकरण घेत असलेला उत्पन्नातील वाटा रद्द झाला आणि जमिनीचे भाडे कमी झाले. २०२१ मध्ये जळगावसह पाच विमानतळांवर नऊ संस्थांना जागा देण्यात आल्या. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने पूर्वी आयात होणारे विमानाचे पेट्रोल बडोद्यात बनवण्यास प्रारंभ केला. जुलै २०२४ पासून विमानाच्या आयात भागांवरील कर सरसकट ५ टक्के झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण करमुक्त असल्याचे स्पष्ट केले. हा सर्व जनतेचा पैसा आहे. त्यातला किती विद्यार्थ्याच्या फीपर्यंत पोहोचला आणि किती संस्थाचालकांच्या नफ्यात राहिला, याचा जाहीर हिशेब द्यावा, अशी अट या सवलतींना जोडलेली नाही. सवलत सार्वजनिक आणि वही मात्र खाजगी, ही व्यवस्था आम्हाला अमान्य आहे.

आणि हिशेब केवळ पैशाचा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एका आठवड्याच्या आत एकाच संस्थेच्या प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात झाले. महासंचालनालयाला त्या संस्थेचे प्रशिक्षण स्थगित करावे लागले. असे झाले की विद्यार्थ्याचे पैसे अडकतात, महिने वाया जातात, कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. देखभालीत जेथे काटकसर होते तेथेही भुर्दंड त्यालाच, आणि जेथे उधळपट्टी होते तेथेही त्यालाच.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. एक, प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने ताशी दराची फोड जाहीर करावी. इंधन, देखभाल, इंजिनाचा राखीव निधी, विमा आणि नफा वेगवेगळे दिसावेत. दोन, इंजिनाचा राखीव निधी स्वतंत्र खात्यात ठेवावा, म्हणजे ओव्हरहॉलच्या वेळी विमान उभे राहणार नाही आणि संस्था बुडाली तरी तो पैसा हाती राहील. तीन, विद्यार्थ्याला तो ज्या विमानात बसतो त्याच्या तपासणीची नोंद पाहण्याचा हक्क असावा. चार, विमानतळांवर सार्वजनिक किंवा सहकारी देखभाल केंद्रे उभारावीत. ज्या महाराष्ट्राने साखर कारखाने आणि दूध संघ सहकारात चालवून दाखवले, त्याला चार-सहा क्लबांचे सामायिक हँगर चालवणे अशक्य नाही. पाच, देशात सुटे भाग बनवणाऱ्यांना तपासणीची सोय प्रयोगशाळेने अल्प दरात द्यावी. २०२५ मध्ये महासंचालनालयाने प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी लावण्यास प्रारंभ केला, हे पाऊल स्वागतार्ह आहे. तिच्या निकषांत दराच्या या पारदर्शकतेला स्थान द्यावे.

जळगाव, बारामती, गोंदिया, धुळे येथील आपल्या कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणार्थींची व त्यांच्या पालकांची गाठ घ्यावी, त्यांच्या पावत्या पाहाव्यात आणि वरील चार प्रश्न संस्थांना लेखी विचारावेत. हँगरमधील मेकॅनिकांना वेतन काय मिळते, त्यांच्यावर घाईने सही करण्याचा दबाव येतो काय, हेही त्यांच्याशी बोलून समजून घ्यावे. बिलातील श्रमाचा आकडा फुगलेला आणि श्रमिकाचा पगार मात्र आखडलेला आढळला, तर लढा कोणाशी द्यायचा हे निराळे सांगण्याची गरज उरणार नाही.