गणतीच्या पलीकडची स्त्री

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना प्रश्न विचारले जातात ते वयाच्या १५ ते ४९ वर्षांपर्यंत. (पुरुषांना मात्र ५४ पर्यंत!) पाहणीचा मुख्य रोख प्रजनन व बालआरोग्यावर असल्याने ही चौकट समजण्यासारखी आहे. परंतु भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सर्वसाधारणपणे ४६-४७ च्या सुमारास येते. म्हणजे तिचे नवे प्रश्न जेथे सुरू होतात, तेथेच ती आकडेवारीतून बाहेर पडते. जे मोजले जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको.

या प्रश्नांपैकी कामेच्छा मंदावणे हा सर्वांत अबोल. 'आता या वयात काय?' एवढ्यावर घरी आणि दवाखान्यातही त्याची बोळवण होते. वस्तुतः त्यामागे शरीराची कारणपरंपरा आहे. अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजेन घटते, योनिमार्ग कोरडा व नाजूक होतो, संबंध वेदनादायक ठरतो. आणि वेदनेची धास्ती बसली की इच्छा मागे सरते. रात्री घाम येऊन झोप मोडते, त्याने मन खचते, ही त्यात भर. कोरडेपणावर वंगण आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावयाचे इस्ट्रोजेनयुक्त मलम आहे. अर्थात इच्छा ओसरल्याचे जिला दुःखच नाही, तिला रुग्ण ठरविण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो जिला दुःख आहे, पण सांगावयास जागा नाही, तिचा.

आणि तो केवळ पन्नाशीचा नाही. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. पतिपत्नी मिळून एक 'कोयता', डोक्यावर मुकादमाची उचल आणि खाडा झाला तर दंड. या हिशेबात मासिक पाळी हाच तोटा ठरला. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, शस्त्रक्रियेबरोबरच येते, मग वय तिशीचे का असेना. खाड्याचा दंड रुपयांत मांडता आला. त्या स्त्रीची हरवलेली झोप, उमेद आणि नवऱ्याविषयीची ओढ कोणत्या वहीत मांडली गेली?

पाहणीची वयोमर्यादा वाढवावी, ही मागणी म्हणूनच किरकोळ नव्हे. तोवर निदान प्राथमिक आरोग्य केंद्रात चाळिशी ओलांडलेल्या अथवा गर्भाशय काढलेल्या प्रत्येक स्त्रीला, नवऱ्याला व सासूला बाहेर बसवून, झोपेबरोबर हाही प्रश्न विचारला जावा. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. एक दार लोटून घ्यावे लागेल, इतकेच.